सुबहियाचा कमावता हात

सुबहिया उजव्या हाताने जेवायची आणि डाव्या हाताने कमवायची. अम्मानच्या आमच्या चढउताराच्या भागात बायकांना गाडी चालवायला शिकवणं हा तिचा सव्वीस वर्षांचा धंदा. शिकणारी बाई डावीकडे स्टीअरिंगवर, सुबहिया उजवीकडे तिच्या शेजारी, आणि तिचा डावा हात सदानकदा हँडब्रेकच्या आसपास. भेदरलेल्या बाईचं स्टीअरिंग सरळ करायचं त्याच हाताने, आणि नंतर तिची पाठ थोपटायची तीही त्याच हाताने. उजवा हात बिचारा खिडकीतून बाहेर काढून मागच्या गाड्यांना "थांबा की जरा, आग लागलीय का कुठे?" एवढं विचारायला.

तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "शेजारी बसून दुसऱ्याच्या हाती गाडी देणं मला तासाच्या बोलीवरच जमतं."

वाहतूक खात्याच्या परीक्षेच्या मैदानावर तिच्या शब्दाला वजन होतं. "ही तयार आहे," असं सुबहियाने म्हटलं की परीक्षक निम्मा निर्धास्त होई. "हिला अजून दोन आठवडे द्या," म्हणाली की ती बाई नाक पुसत घरी जाई. या बाबतीत तिने कुणाला कधी सूट दिली नाही. तिच्या सख्ख्या भावाची, मुफलिहची मुलगी तिच्याकडे शिकली आणि तीनदा नापास झाली. मुफलिहने वर्षभर त्याचा राग धरला होता.

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात होते. लोकांचे अर्ज वाचायचे आणि त्यांना नाही म्हणायचं, याचा मला पगार मिळायचा. कामात मी चोख होते. कंपनीत माझं कौतुक व्हायचं आणि कंपनीच्या पायरीवर लोक मला काय म्हणायचे तेही मला ऐकू यायचं. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले. पण मार्चमधल्या त्या मंगळवारी सुबहियाने आपल्या तोंडाने जे करून ठेवलं, त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि ते निस्तरायला मलाच खाली उतरावं लागलं.

त्या दिवशी ड्रायव्हिंग शाळेची गाडी गॅरेजमध्ये होती. तिला मैदानावर पोचायचं होतं म्हणून तिने मोबाइलवरून गाडी बोलावली. चालक सुहैब नावाचा, सत्ताविशीतला, इंजिनिअर होऊन बेकार असलेला मुलगा. गाडी स्वतःची, पण भाड्याने चालवायचा परवाना नाही. "मावशी, पुढे बसाल का?" एवढंच तो म्हणाला आणि ती पुढे बसली. यात तिला काही विशेष वाटलं नाही. मागे बसलं की पोलिसाला कळतं ही भाड्याची गाडी, पुढे बसलं की घरची. आणि अडवलंच तर प्रवासी चालकाचा मामा होतो, मावशी होते, वर्गमित्र होतो. आमच्याकडे पोरांचं पोट सांभाळायची ही रीतच पडली आहे. मी स्वतः एकदा एका अनोळखी मुलाची सासू झाले आहे, आणि पोलिसासमोर त्याला बायकोवरून दोन शब्दही सुनावले आहेत.

उतारावर पाण्याचा टँकर उभा होता. सुहैबचे डोळे फोनवर, पुढचं भाडं पकडण्यात. सुबहिया ओरडली नाही, शिकवणारे ओरडत नाहीत. तिचा डावा हात आपोआप गेला आणि तिने हँडब्रेक ओढला. गाडी गर्रकन फिरली, टँकरच्या कोपऱ्यावर आदळली आणि दोन सीटच्या मधला सगळा भाग आत चेपला. तिचा हात तिथेच होता.

पोलीस येईपर्यंत सुहैब पांढराफटक पडला होता. "मावशी, तुमचे पाय धरतो. भाडं म्हणालात तर गाडी जप्त होईल. माझ्याकडे दुसरं काही नाही हो." दोनच मिनिटांत त्याने फोनवरची फेरी बंद करून टाकली.

आलेला पोलीस सुबहियाला ओळखणारा निघाला. "अरे देवा, सुबहियाबाई! तुम्ही? आणि हा कोण?"

हात लोंबत होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी ती म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा."

पोलिसाने पुढे एक शब्द विचारला नाही. सुबहिया म्हणते म्हणजे खरंच असणार. त्याने लिहून घेतलं आणि तिने सही केली. सुबहियाला बहीण नाही.

सरकारी इस्पितळात कच्चं प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाला, कोपराचे तीन तुकडे झालेत, धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील, आणि तेही तीन आठवड्यांच्या आत. नंतर सांधा आहे तसाच धरेल, मग हात ना वाकेल ना सरळ होईल. सरकारी यादीत नंबर चार महिन्यांनंतरचा. खाजगीत खर्च विचारला तर मी सुबहियाला आकडा सांगितलाच नाही, "बघू" म्हणाले. आमच्या खात्यात "बघू"चा अर्थ काय होता, ते मला चांगलं माहीत होतं.

तरी मला काळजी नव्हती. गाड्या पुरवणाऱ्या त्या कंपनीचा प्रवाशांसाठी विमा होता. फेरी चालू असताना प्रवासी जखमी झाला तर इस्पितळाचा खर्च त्यांचा. मी अर्ज केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: आमच्या नोंदीत फेरी दिसते, पण ती चालकाने बंद केलेली आहे, पोलिसांच्या कागदात बाई चालकाची मावशी आहे, म्हणजे हा घरगुती प्रवास, प्रवासी असल्याचा पोलिसांचा कागद आणा.

मग सुहैबच्या गाडीचा विमा ज्या कंपनीकडे होता तिला लिहिलं. तिचं पत्र आणखी सुबक होतं. बाई नातेवाईक असेल तर मालकाच्या नातेवाइकांना या पॉलिसीत जागा नाही. बाई भाडं देणारी असेल तर खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याला जागा नाही. "सबब, दोन्ही परिस्थितींत दावा ग्राह्य धरता येत नाही." ते वाक्य वाचून माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते माझं वाक्य होतं. कंपनी दुसरी होती, पण आमच्या धंद्यात चांगलं वाक्य नोकऱ्या बदलत फिरतं.

सुबहिया स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवत राहायची. हलतात का, हेच दिवसभर तपासायची. चहा गार व्हायचा. "राकानच्या आई," ती एकदा मला म्हणाली, माझ्या मुलाच्या नावानेच ती मला हाक मारते, "ब्रेक ओढला नसता तर?"

"तर टँकरच्या खाली गेली असतीस."

"की सरळ आदळून नुसते दोन टाके पडले असते? गाडी मीच फिरवली. मुलींना मीच सांगते, चालत्या गाडीत हँडब्रेकला हात लावायचा नाही. मग हा अपघात त्याचा की माझा?"

"हे बघ," मी म्हणाले, "हे तू मला सांगितलंस, मी ऐकलं नाही. पुन्हा कुणाला सांगायचं नाही. हँडब्रेकचा ह सुद्धा काढायचा नाही. एवढं जरी कंपनीच्या कानावर गेलं तरी तुझी भरपाई निम्म्यावर येईल. मी आणली असती."

आठव्या दिवशी मी तिला वकिलीणबाईंकडे नेलं. अरीज तिचं नाव. दहा वर्षं ती अपघातग्रस्तांचे दावे घेऊन माझ्या टेबलापुढे यायची आणि दहा वर्षं मी तिला परत पाठवायची.

दार उघडून ती पाहतच राहिली. "राकानची आई! माझ्या दारात! या, या. पाणी घ्या, घाबरू नका, त्यात काही घातलेलं नाही."

"टोमणे फीमध्ये धरा," मी म्हणाले. "हिचा हात बघा."

अरीजने कागद दोनदा वाचले आणि चष्मा काढला. "तीन वाटा आहेत. सुहैबवर दावा लावायचा: जिंकाल, पण तीन वर्षांनी, आणि त्याच्याकडे द्यायला काही नाही. कोपर तीन वर्षं थांबणार नाही. दुसरी वाट, त्याच्या घरच्यांशी तडजोड करायची. ते काहीतरी देतील आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतील. तशी सही झाली की गाड्यांची कंपनीही म्हणणार, मिटलं की हो तुमचं! तिथेही दार बंद. तिसरी वाट," ती सुबहियाकडे वळली, "स्वतः वाहतूक खात्यात जायचं आणि मी खोटं बोलले, मी प्रवासी होते, असं सांगायचं. फाइल न्यायालयात जायच्या आधी. ती जाणार पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी. आधी गेलात तर दुरुस्ती, नंतर गेलात तर गुन्हा."

"दुरुस्तीला शिक्षा नाही?" सुबहियाने विचारलं.

"तुरुंग नाही. पण तुम्ही परवानाधारक शिक्षिका. शिकवायचा परवाना काढून घेऊ शकतात. किती दिवस, ते मला सांगता येत नाही."

सुबहियाच्या बोटांची हालचाल थांबली.

"मला ठाऊक असावं असं आणखी काही?" अरीजने विचारलं.

सुबहियाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "नाही," मीच म्हणाले.

अरीजने खटपट करून गाड्यांच्या कंपनीकडून लेखी आणलं: सुधारलेला जबाब त्या रविवारी दुपारी बाराच्या आत पोचला तर मंगळवारच्या शस्त्रक्रियेला मंजुरी. मंगळवार म्हणजे नेमका एकविसावा दिवस, डॉक्टरांच्या तीन आठवड्यांचा शेवटचा.

इतका सरळ रस्ता समोर असताना बाईने उठून जायला नको? पण सुबहिया उठेना. आज जाते, उद्या जाते. एके सकाळी वाहतूक खात्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. "त्या मैदानावर माझ्याशिवाय कुणाच्या शब्दावर मुली पास होत नाहीत," ती म्हणाली, "आणि मीच आत जाऊन सांगू की माझा शब्द खोटा होता?" मला तिचा भयंकर राग आला. हाताचे दिवस चाललेत आणि ही शब्दाला कवटाळून बसली आहे! मी तिला तसं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि रडली नाही, त्याचाही मला राग आला.

त्यात मुफलिहने घोळ घातला. फरश्यांचं दुकान, मोठं घर, त्याहून मोठा आवाज. सुहैबच्या कुळातली मंडळी त्याच्याकडे गेली होती. शुक्रवारी त्यांची जाहा येणार होती, म्हणजे पंधरावीस वडीलधारे पुरुष माफी मागायला घरी येणार. पुढे एक पाशा, म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. अशी मंडळी उगाच येत नाहीत. उत्तर आधीच ठरलेलं असतं, शब्द आधीच दिलेला असतो. कॉफीचा कप समोर ठेवून मागणं मागायचं, यजमानाने "कॉफी घ्या, मागणं पावलं," म्हणायचं, की सगळं मिटलं. मुफलिहने बहिणीला न विचारता शब्द देऊन टाकला होता.

"आपण काय हाताचा मोबदला मागणारी माणसं आहोत?" तो तिला म्हणाला. "पाशा स्वतः येताहेत. आपल्या उंबऱ्याला असा मान किती वर्षांनी मिळतोय."

"कोपर माझं मोडलंय, मुफलिह."

"मग? मी काय तुला उपाशी ठेवणार आहे? इथे येऊन राहा. वहिनीला मदत होईल."

सुबहियाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हात गेल्याचं भय तिला सतरा दिवस होतंच. पण हात गेल्यावर कुठे जायचं, ते तिला त्या क्षणी दिसलं. वहिनीच्या स्वयंपाकघरात.

शुक्रवारी नमाजानंतर मंडळी आली. आम्ही बायका स्वयंपाकघरात: वहिनी, सुबहिया आणि मी. बैठकीचं दार किलकिलं होतं. वेलदोड्याचा वास, बूट काढल्याचा आवाज, मग सगळं शांत. पाशांनी कप उचलला आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले.

"मुफलिह," पाशा म्हणाले, "आमचं मागणं पुरं होईपर्यंत तुझी कॉफी आम्हाला वर्ज्य."

"मागा, पाशा."

"पोराच्या हातून घडलं. लिहिलेलं होतं, टळलं नाही. आमचं मागणं दोन गोष्टींचं. हक्क सोडल्याच्या कागदावर बाईंची सही, आणि पोलिसांत जे सांगितलं तेच कायम राहावं." मग त्यांचा आवाज खाली आला. "कोर्टकचेरीत गेलं तर ब्रेक बाईंनीच ओढला होता, हेही निघेल. तुझ्या घरची बाई वकिलांपुढे उभी राहावी असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही."

सुबहियाने माझा दंड धरला. उजव्या हाताने, पण घट्ट. "त्याने सांगितलं," ती कुजबुजली. आमचं लपवायचं जे होतं ते समोरच्याच्या खिशात होतं, आणि त्यांनी ते किती अदबीने दाखवलं! बैठकीत मुफलिह घसा साफ करत होता. आता तो "कॉफी घ्या" म्हणणार, हे तिघींनाही कळलं. आणि म्हटलं की संपलं.

सुबहियाने दार ढकललं आणि आत गेली. पंधरा पुरुषांच्या माना वळल्या.

"आत जा, सुबहिया," मुफलिह म्हणाला.

"सही माझी हवी आहे ना? मग मी आले तेच बरं. नाहीतर पेन स्वयंपाकघरात पाठवावं लागलं असतं."

कुणीतरी खोकलं. सुहैब दाराजवळ गुडघ्यांत मान घालून बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि शिकवताना काढते तो आवाज काढला: चढा नाही, पण ज्याला उत्तर द्यावंच लागतं असा.

"सुहैब. टँकर दिसायच्या आधी डोळे कुठे होते?"

तो गालिच्याकडे पाहत राहिला. पाशांनी त्याच्याकडे पाहिलं, मुफलिहने पाशांकडे.

"फोनवर, मावशी," तो म्हणाला.

"आणि ब्रेक मी ओढला. ओढला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओढीन. हे मी रविवारी खात्यात स्वतः सांगणार आहे, ते तुमच्याकडून निघायची गरज नाही." ती पाशांकडे वळली. "पाशा, हा मुलगा मरता मरता वाचला, मीही वाचले. तुम्ही माझ्या भावाच्या घरी चालत आलात. सुहैबला मी माफ केलं, तुम्हा सगळ्यांसमोर. त्याच्यावर मी केस करणार नाही. पण मी त्याची मावशी नाही. मला बहीण नाही. त्या कागदावर माझी सही होणार नाही. माफी पुरेशी असेल तर कॉफी घ्या."

पाशा कपाकडे पाहत राहिले. असं मागणं अर्धवट कधी कुणी पुरवलेलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि अर्धा भरलेला कप खाली ठेवला. बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहून तसाच एकेक घोट घेतला. जाहा पावली की नाही पावली, यावर आमच्या भागात पुढे महिनाभर वाद चालला होता. मंडळी गेल्यावर मुफलिह अर्ध्या कपांच्या रांगेकडे पाहत बसला. आम्ही दोघी चालत घरी आलो.

रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही वाहतूक खात्यात होतो. आदल्या दिवसापासून मी तिला एकच सांगत होते: प्रवासी होते एवढं सांग, ब्रेकचं पाशांना बोललीस ते बोललीस, सरकारी कागदावर आणू नकोस. ती हो म्हणाली नव्हती.

चौकशीचा अधिकारी चाळिशीचा होता. तिला पाहून खुर्चीतून उठला. त्याच्या बायकोला सुबहियानेच शिकवलं होतं. सुबहियाने सगळं सांगितलं: मोबाइलवरून बोलावलेली गाडी, पुढची सीट, सुहैबची विनवणी, बहिणीचा मुलगा. मग, मी टेबलाखाली तिचा पाय चेपत असताना, हँडब्रेक. कुणी विचारलेलं नसताना.

बावीस वर्षांत माझ्यापुढे एकही माणूस असा बसला नव्हता, की ज्याने मी न विचारलेलं सांगितलं. सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? निम्म्यावर आणलं असतं. भरपाईचं पुढे जे व्हायचं ते होईल, मी मनाशी म्हटलं, शस्त्रक्रिया फक्त प्रवासी या एका शब्दावर अडली आहे.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सुबहियाबाई, तुमच्या डोक्याला मार लागला होता ना?"

"नाही."

"लागला असेल हो. एवढी धडक बसली. मी असं लिहितो, की भोवळीत होत्या, काय बोलतो त्याचं भान नव्हतं. प्रवासी हे कागदावर येईल, कंपनीला कागद मिळेल, आणि तुमच्या परवान्याला धक्का लागणार नाही. कुणाचं काय जातंय?"

मला तर तो देवासारखा वाटला. हातही राहत होता, कामही राहत होतं. अशी वाट मला सुचली नव्हती, आणि अशा वाटा बंद करण्यात माझा जन्म गेला होता. "हो म्हण," मी तिच्या कानात म्हणाले. "सुबहिया, हो म्हण."

तिने बोटं हलवून पाहिली.

"भोवळ लिहिलीत तर सुहैबचे डोळे फोनवर होते, हेही भोवळीतच दिसलं म्हणतील," ती म्हणाली. "आणि टँकर? तोही भोवळीत? नाही साहेब. मी शुद्धीवर होते. शुद्धीवर असतानाच खोटं बोलले. तसंच लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, समजवा हिला, अशा नजरेने. मी काय समजवणार? भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्याने लिहिलं. चालकाशी नातं: नाही. खोट्या जबाबाचं कारण: मुलाची गाडी जाऊ नये म्हणून. मग प्रत काढून शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे दिला; मी तिथूनच त्याचा फोटो अरीजला पाठवला. तिच्याकडे पाहायचं त्याने टाळलं. "बाई, आता तुमचा शिकवायच्या परवान्याचा बिल्ला जमा करावा लागेल. समितीपुढे जाईल. परत कधी मिळेल, मिळेल का, ते माझ्या हातात नाही."

"माहीत आहे," सुबहिया म्हणाली.

हात वाचवायचा कशासाठी, तर तो बिल्ला लावून गाडीत बसता यावं म्हणून. आणि हात वाचवायचा तर बिल्लाच द्यायचा. मला त्या क्षणी त्या खात्याचा, दोन्ही कंपन्यांचा, सुहैबचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या बावीस वर्षांचा संताप आला. डोळे भरून आले ते संतापानेच, असं मी त्या अधिकाऱ्याला भासवलं.

बिल्ला तिच्या जाकिटाला छातीवर लावलेला होता. एका हाताने तिला तो काढता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे वळून छाती पुढे केली. तिच्या सव्वीस वर्षांचं काम मी काढून द्यायचं होतं. हजारो लोकांना नाही लिहिणारा हात माझा. ती क्लिप माझ्या बोटांतून निसटत राहिली. मी जोर लावला तसं जाकिटाचं कापड ताणलं गेलं.

"ओढू नका, राकानच्या आई," सुबहिया म्हणाली, शिकवताना काढते त्याच आवाजात. "आधी दाबा. मग आपोआप सुटेल."

मी दाबलं.